परतीचा बाण

"ताई, खोका तर माझ्या हातात हाय, आन् तुमची मशीन न्हाय म्हनते." नवशा हमालाने पुन्हा स्कॅनर दाबला. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ आली. हरवलेला माल हलवता येत नाही.

ओळ क्षितिजाचीच होती. भिवंडीच्या या गोदामाचा सगळा प्रोग्राम तिने लिहिला होता. त्याआधी फळ्यावर गोल काढले होते: निघाला, वाटेत, पोचला, हरवला. एका गोलातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये बाण हवा. बाण नसला की माल जागचा हलत नाही, मग मालकाने डोकं आपटलं तरी. महिनाभर वाटेतच राहिलेला माल आपोआप 'हरवला'मध्ये जाई. तिथून बाहेर पडणारा बाण मात्र तिने काढलाच नव्हता. हरवलेलं सापडेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

आणि हा खोका बिचारा कुठे गेलाच नव्हता. ट्रकमधून उतरला, स्कॅन व्हायचा राहिला आणि थप्पीमागे पडून राहिला. आज थप्पी हलवली तेव्हा नवशाला दिसला.

"टाक भंगारात," मॅनेजर देवेश दारातूनच म्हणाला. "ज्याचा होता त्याला भरपाई मिळाली. तो विसरलाही असेल. एका खोक्यासाठी प्रोग्राम कशाला उसवतेस?"

"विसरला हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

आवाज नको तेवढा चढला. देवेश खांदे उडवून निघून गेला.

टेबलावरचा मोबाइल वाजला. बाबांचा फोन. तिने उचलला नाही. उद्या कोर्टात जायचं होतं. तिचा भाऊ राघो भांडून घर सोडून गेला, त्याला सात वर्षं होऊन गेली होती. इतकी वर्षं खबर नसली की कायदा माणसाला मेलेला धरतो. मग हायवेकडचं शेत गोदामवाल्याला विकायला त्याची सही लागत नाही. कोर्टात क्षितिजानेही तसं सांगायचं होतं. सकाळी ती हो म्हणाली होती, आईकडे न बघता.

राघो नेहमी मागल्या दाराने यायचा आणि आधी टोपाचं झाकण उघडून वास घ्यायचा. अजूनही घरात झाकण वाजलं की तिची मान वळे. आई असते. तरी वळे.

ती उठली. फळ्यापाशी जाऊन तिने 'हरवला'पासून एक बाण ओढला, थेट 'वाटेत'पर्यंत. मग खुर्चीत बसून प्रोग्राम उघडला. नवशा खोका मांडीवर घेऊन शेजारीच बसून राहिला. चहा आला, गार झाला.

"आता दाब."

स्कॅनर वाजला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. वाटेत.

"चल बाबा, जा आता तुझ्या घरी," नवशाने खोक्यावरची धूळ झटकली आणि तो खांद्यावर टाकून ट्रककडे निघाला.

मोबाइल पुन्हा वाजला. या वेळी तिने उचलला.

"उद्या सकाळी लवकर निघायचं हाय," बाबा म्हणाले. "वकील वाट बघंल."

"बाबा, मी न्हाय येनार."

"का गो? आता काय झालं?"

"मी राघोला मेला म्हननार न्हाय. तो वाटेत हाय."

बाबांचा राग तिला ठाऊक होता. राघोचं नाव घरात काढायची सोय नव्हती ती त्यांच्यामुळेच. ती शिव्यांची वाट बघत राहिली.

पण बाबा बोलले ते अगदी हळू, शेजारी बसलेल्या आईलाही ऐकू जाऊ नये असं.

"कुठवर आला आसंल गो?"