कांदाभजी

बारा वर्षांत पहिल्यांदाच तात्यांनी लख्ख ऊन असताना गॅस पेटवला.

“भजी करू का हो?” बायकोने विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. “सोलर कुकरात शिजेल तेच खायचं. गॅस वाचतो.” मग ती मुकाट्याने वरणभाताचे डबे गच्चीवर न्यायची.

काल तिला तपासून डॉक्टर म्हणाले, “आता मागतील ते खायला द्या.” ती काहीच मागेना. शेवटी तात्यांनी स्वतःच कांदा चिरला, बोटं पोळून घेतली आणि भज्यांची बशी तिच्या खाटेपाशी नेली.

तिने एक भजं नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि परत ठेवलं. घशाखाली पाण्याचा घोटही उतरत नव्हता.

“छान जमलीत,” ती कुजबुजली. “गॅस बंद केलात ना?”