पुसट दुरुस्त्या
समितीने तिचा पीएचडीचा प्रबंध दुसऱ्यांदा परत पाठवला होता. तिसऱ्यांदा आला तर नोंदणीच रद्द. कॉलेजातले चार तास शिकवून ती मार्गदर्शकाच्या खोलीत आली. मार्गदर्शक वीस वर्षांपूर्वी तिचाच विद्यार्थी होता. "सर, तुम्ही चुका दाखवल्याच नाहीत." "दाखवल्या होत्या, मॅडम. पेन्सिलीनं." तिने पान उजेडात धरलं. समासात खरंच अक्षरं होती, मुंगीच्या पावलांसारखी पुसट. "हे काय?" "तुमच्या लिखाणावर पेन चालवायला हात धजावत नाही." "अरे वा! तुझा निबंध मी रक्तबंबाळ केला होता, तेव्हा माझा बरा धजावला!" तिने पर्समधलं लाल पेन त्याच्यापुढे ठेवलं. त्याने भीत भीत एक ओळ खोडली, मग परिच्छेद, मग अख्खं पान. ते पान देताना तो नकळत उभा राहिला. "बसा, सर," ती म्हणाली, "अजून तीन प्रकरणं आहेत."