मिस्तरींची तयारी

सोनगीरचे मोतीलाल मिस्तरी नुसते खाकरले, तरी हायवेवरचा बंद ट्रक सुरू व्हायचा. ब्याण्णव साली धुळ्याच्या लंबगोल मैदानावरच्या शर्यतीसाठी त्यांनी धाकट्या लेकाची, छगनची, उघड्या चाकांची गाडी महिनाभर खपून तयार केली. नारळ फुटला, झेंडा पडला, बाकी बठ्ठ्या गाड्या सुटल्या. छगनची जागची हलली नाही.

“आबा, तुम्ही चार गावमा मन्हं नाक कापं. आते मी घर येवाव नही,” म्हणत तो तिथूनच चालता झाला.

घरी मिस्तरींची बायको ताईबाई थोरल्या लेकाच्या फोटोचा हार बदलत होती. आदल्या साली त्याच मैदानावर गाडी उलटून तो गेला होता.

“छगन कोठे शे?”

सकाळी स्वतःच छगनच्या इंजिनातून काढलेला, ज्याच्याविना गाडी सुरूच होत नाही तो रोटर मिस्तरींनी खिशातून काढून तिच्या हातावर ठेवला.

“रुसना. रुसू दे. जित्ता तं शे.”