डावा मागचा कोपरा

"पुन्हा," एनिड म्हणाली.

"अगं, माणसं आहोत आम्ही, बैल नाही." लिनवुडने त्याची बाजू चिखलात टेकवली. "गुडघे वाजायला लागलेत माझे."

"गुडघे वाजू देत. तोंड नको."

आल्टा हसली, पण हसायला तोंड उघडलं तशी हवा दातांना झोंबली. सकाळी घरून निघाले तेव्हा स्वच्छ ऊन होतं. ओढ्यापाशी पाऊस लागला, आणि आता टेकडीच्या पायथ्याशी बर्फाचे बारीक खडे गालांवर टोचत होते. व्हरमॉन्टच्या मार्चला एक काय ते ठरवताच येत नाही.

गोठ्याचं जुनं दार, त्याला चार कोपऱ्यांवर दोराच्या कड्या, वर कोंबड्यांच्या दाण्याची पोती. पुढे लिनवुड आणि व्हर्न, मागे उजवीकडे आल्टा, डावीकडे एनिड. वर टेकडीच्या माथ्यावर गावाची दफनभूमी.

आणि खाली, एनिडच्या गाडीशेजारी, घडीच्या खुर्चीत तिचा नवरा रॉसवेल. टेकडीकडे पाठ करून. गुडघ्यांवरचं घोंगडं एनिडनेच टाकलेलं. जानेवारीत डॉक्टर काय ते बोलले, तेव्हापासून त्याचं अन्न तुटलं होतं. कोट खांद्यांवरून लोंबत होता. आल्टाला त्या खुर्चीकडे बघवायचं नाही, म्हणून ती पोत्यांकडे बघत राहायची.

हिवाळा निघेल, उन्हाळा दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे नेमका चिखलाचा हंगाम. तेव्हा टेकडीच्या रस्त्यावर गाडी चढत नाही. ट्रॅक्टर चढतो, पण एनिडने साफ नकार दिला. "ज्याच्यावरून शेणखत जातं, त्याच्यावरून?" जमीन सुकेपर्यंत गावच्या दगडी खोलीत शवपेटी ठेवायची सोय होती. तीही नको. "बटाटे आहेत का?"

राहिले खांदे. पण गेल्या साली म्हाताऱ्या थर्स्टनबाईंना नेताना सहा धट्टेकट्टे पुतणे होते. अर्ध्या चढावर एकाचा बूट चिखलात राहिला आणि पाय पुढे गेला. पेटी जी सुटली ती खालच्या कुंपणाला जाऊन थडकली. पाद्रीबाबांनी डोळे मिटून प्रार्थना लांबवली. बाकी सगळ्यांनी बघितलं.

"आपल्याकडे हे होता कामा नये," एनिडने या तिघा जुन्या शेजाऱ्यांना घरी बोलावून सांगितलं होतं. "परके हात नकोत आणि घसरणं नको. शिका."

म्हणून दर शनिवारी ही तालीम.

व्हर्नच्या मेपलच्या पाकाच्या भट्टीवरून आणलेले डोनट निघाले, सोबत आंबट काकडी. व्हर्न दोन घेऊन खुर्चीपाशी गेला. आजाऱ्याशी बोलावं तसा हळू म्हणाला, "रॉसवेल, एक तरी खा."

"ठेव तिथे."

"गार होईल रे."

"बंद करा हा तमाशा," रॉसवेल रस्त्याकडे बघत म्हणाला. "अजून कुणी मेलेलं नाही इथे."

"म्हणून तर वेळ आहे," एनिड वरून ओरडली. "व्हर्न, ये. लिनवुड, दोन पोती काढ. आता कुठे राहिलंय तेवढं वजन?"

"असू देत," लिनवुड जमिनीकडे बघत म्हणाला. "पेटीचंही असतंच की. मी पाइनची करतोय, पण पाइन म्हणजे कागद नव्हे."

त्यांनी उचललं. बर्फ थांबला, एकदम ऊन पडलं आणि सगळ्या उतारावरून वाफा निघायला लागल्या. वरचा थर वितळून खालचा गोठलेला, म्हणजे साबणावर चालणं.

"टाच आधी," एनिड म्हणत होती. "टाच रोवायची, मग वजन." तिला धाप लागली होती. ओठ निळे पडले होते. आल्टाने न बोलता आपला हात आत सरकवून भार थोडा स्वतःकडे ओढून घेतला.

"चोरी नको," एनिड म्हणाली.

"कसली चोरी?"

"माझ्या कोपऱ्यातलं वजन पळवतेयस. ठेव परत."

वळणापर्यंत छान गेलं. जिथे थर्स्टनबाई सुटल्या होत्या, तिथेही पाय टिकले. लिनवुड शीळ घालायला लागला. आणि मग डावा मागचा कोपरा एकदम खाली गेला.

एनिड गुडघ्यांवर बसली होती. दार कललं, पोती एकामागोमाग सुटली. एक गडगडत थेट खुर्चीपर्यंत गेलं आणि फुटलं. रॉसवेलच्या बुटांभोवती दाणे पसरले. तो हलला नाही.

एनिड खोकत होती, आणि खोकता खोकता हसत होती.

"बस झालं," व्हर्न म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "त्या कोपऱ्याला मी माझ्या भावाला आणतो. चांगला दांडगा आहे."

"नाही. तो कोपरा घरच्याचा आहे."

"एनिड, तुला झेपत नाहीये."

"ते दिसतंय मला."

ती आल्टाच्या दंडाला धरून उठली आणि उतरायला लागली. दार घसरगाडीसारखं ओढत तिघं मागोमाग आले. पायथ्याशी एनिडने ते खुर्चीच्या पुढ्यात टाकायला लावलं. रॉसवेलला मान वळवायला आता जागाच नव्हती.

"खरं वजन घेतल्याशिवाय कळायचं नाही," ती म्हणाली. कोटाची बटणं नीट लावली, दारावर बसली, मग चिखलाची पर्वा न करता उताणी झाली. ढग पुन्हा भरून आले होते. पावसाचे थेंब तिच्या चष्म्यावर पडायला लागले. तिने ते पुसले नाहीत.

लिनवुड आणि व्हर्नने पुढच्या कड्या धरल्या. आल्टाने उजवी मागची धरली.

"मला नाही जमणार, एनिड," रॉसवेल म्हणाला.

"ऊठ, राजा," ती आभाळाकडे बघत म्हणाली. "महिनाभर तुझी जागा मी चालवली. माझ्याच पेटीला मी किती दिवस खांदा देऊ?"