साहेबांच्या आवडीची गाणी

बाई वरच्या पट्टीत चढली तेव्हा शत्रुघ्नने गाडी विमानतळाच्या रस्त्याला वळवली होती. मागच्या सीटवर नागाई साहेब डोळे मिटून बसले होते. कुवेतमधली पाच वर्षं संपवून ते कायमचे जपानला निघाले होते. ते गेले की कंपनीच्या तीन ड्रायव्हरांपैकी एकालाच ठेवणार होते, आणि शत्रुघ्नची मुलगी अक्षदा कोल्हापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. साहेबांनी शिफारस केली तर आणखी दोन वर्षं मिळणार होती. म्हणून आज निदान बाईचं शेवटचं गाणं अर्धवट राहू नये, इतक्या हिशेबाने तो गाडी हळू हाकत होता.

बाई म्हणजे कॅसेटवरची जपानी गायिका. आखूड केस, चामड्याचं जाकीट, मुठीत आवळलेला माइक. फोटोत एकटीच, पण बेंबीच्या देठापासून अशी गायची की मागचे गिटार आणि ढोल धापा टाकायचे. शब्द एकही कळत नव्हता, तरी शत्रुघ्नने दहाही गाण्यांना नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. पहिलं गाऱ्हाणं, कारण सुरुवातीला विनवणी आणि मग देवालाच दम. दुसरं सवतींचं भांडण. चौथं वरातीचं. सातवं मयताचं, ते साहेबांच्या रिफायनरीच्या गेटपाशी जेमतेम संपायचं.

शहाण्णव साली आधीच्या साहेबांची ही गाडी त्याच्या ताब्यात आली तेव्हा ती कॅसेट टेपमध्येच होती. पहिल्या सकाळी सलवातल्या बंगल्यासमोर त्याने किल्ली फिरवली आणि बाई कडाडली. मागून साहेब "ओ!" म्हणाले, त्यांनी मान लववली. शत्रुघ्न काय समजायचं ते समजला. फरवानियातल्या त्याच्या खोलीत सात ड्रायव्हर राहायचे आणि सातांचाही एकच नियम होता. साहेबांच्या गाडीतला टेप साहेबांचा, त्याला हात लावायचा नाही.

दोन महिन्यांतच त्याचं डोकं उठलं. कुडाळहून आणलेल्या दशावताराच्या अकरा कॅसेटी ट्रंकेत पडून होत्या आणि इथे रोज सकाळ-संध्याकाळ सवतींचं भांडण. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात फीत तुटली तेव्हा त्याने स्टिअरिंगवरच हात जोडले. मग स्वतःचीच लाज वाटली. साहेबांना परमुलखात तेवढाच तर विरंगुळा! बंगल्यावर काम करणाऱ्या सुगराला गळ घालून त्याने त्याच रात्री शेजारच्या जपानी कुटुंबाकडून तीच गाणी पुन्हा भरून घेतली.

कॅसेट हातात देताना सुगरा म्हणाली, "शत्रु भाई, आपके साहब तो घर में रेडियो भी नहीं लगाते. पंखे की आवाज से भी तंग होते हैं."

शत्रुघ्नला साहेबांची आणखीच दया आली. बिचाऱ्यांना गाणं ऐकायला मिळतं ते फक्त आपल्या गाडीत! त्या दिवसापासून तो सकाळी पाच मिनिटं लवकर निघून गाडी हळू हाकू लागला, म्हणजे मयताचं गाणं गेटच्या आधी नीट पुरं होईल.

विमानतळावर साहेबांनी त्याच्या हातात बंद लिफाफा दिला. "ऑफिस," एवढंच म्हणाले आणि नेहमीपेक्षा जास्त वाकले. शत्रुघ्नचे डोळे भरून आले. माणूस चांगला होता.

लिफाफा त्याने ऑफिसात दिला आणि दोन दिवसांनी तिथल्या जाफरने त्याला बोलावलं. जाफर खेडचा. सगळ्यांची कागदपत्रं त्याच्याच हातात असायची.

"वाच मरे एकदाचां," शत्रुघ्न म्हणाला. "चेडवाच्या नर्सिंगाची दोन वर्सां बाकी आसत."

जाफर पत्रातलं इंग्रजी मराठीत सांगू लागला. "'हा ड्रायव्हर अतिशय सावध आहे. त्याला व्यसन एकच, आमच्या एका गायिकेची गाणी. मला ती कधीच आवडली नाही, फार ओरडते. सकाळी गाडीत मला झोप हवी असायची. पण हा माणूस तिच्याशिवाय एक दिवसही गाडी चालवू शकला नाही. परका असून माझ्या देशाच्या गाण्यावर इतकं प्रेम करणाऱ्याला गप्प कसं करायचं? मी पाच वर्षं सोसलं. त्याला काढू नये.'"

शत्रुघ्न खुर्चीत बसला. आधी त्याला हसू फुटलं, मग रडूच आलं. आपण त्या भल्या माणसाची पाच वर्षांची झोप खाल्ली, आणि दर सकाळी पाच मिनिटं जास्तच खाल्ली.

"बाकी दोघा ड्रायव्हरांच्या पत्रांत तेच ते, प्रामाणिक, वक्तशीर," जाफर म्हणाला. "त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना तुझंच पत्र भावलं. म्हणाले, हाच माणूस ठेवा. उद्या तुझ्या गाडीतून येतील आणि तुझ्या करारावर सही करतील."

"पण माका तां गाणां..."

"सही होईपर्यंत तोंड उघडू नकोस," जाफर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे साहेब गाडीत बसले. तरुण होते, चेहरा झोपेने जड झालेला. शत्रुघ्नने किल्ली फिरवली, पण टेप लावला नाही. गाडीत पाच वर्षांत पहिल्यांदाच शांतता होती. रात्रभर घोकलेलं वाक्य त्याच्या ओठांवर आलं, सर, मला ही बाई आवडत नाही.

तेवढ्यात साहेबांनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढले. ते एकेका कानात नीट बसवले, हसून मान लववली आणि टेपकडे बोट केलं.

"प्लीज. यू लव्ह हर, येस?"

शत्रुघ्नने आरशातून पाहिलं. सहीचा कागद साहेबांच्या मांडीवरच होता.

"येस सर. टू मच," तो म्हणाला, बाईला चालू केलं आणि कापसातूनही ऐकू जाईल इतका आवाज वाढवला.