काटेरी सूर्य

“सूर्याला काटे नसतात,” खगोलशास्त्रज्ञ आगवेकर कुरकुरले.

शाळेच्या पटांगणात चौघींनी ताणून धरलेल्या चादरीत कांबळीबाईंनी सूर्य म्हणून फणस ठेवला होता. सरांचा लॅपटॉप त्यांनी आधीच मिटायला लावला होता.

“सर, गावाला गुरुत्वाकर्षण दिसू दे,” म्हणत बाईंनी कडेने लिंबू सोडलं. पृथ्वी फणसाभोवती गरागरा फिरली.

“हे तंतोतंत नाही हं,” सर प्रत्येकाला बजावत राहिले. ऐकत कोणीच नव्हतं.

चादर धरून हात भरून आलेल्या एका काकूंनी विचारलं, “हा सूर्य कापून खाल्ला, तर पृथ्वी कुठं जाईल?”

असा प्रश्न विद्यापीठात सरांना कोणी विचारला नव्हता.

“करूनच बघू,” बाह्या सरसावत ते म्हणाले. “बाई, आधी हाताला तेल लावा. सूर्याला चीक फार असतो.”