थांबणारी मच्छरदाणी

पहिली बायको राजुली तापानं गेली, तेव्हा मलेरिया केंद्रानं पत्र पाठवलं होतं: मच्छरदाणीतून तिचं नाव काढायचं का? सोमाजीनं उत्तर दिलंच नाही.

त्यामुळे आजही निजताना मच्छरदाणी म्हणाली, “राजुली बाहेर आहे. थांबते.” नोंदलेलं प्रत्येक माणूस आत आल्याशिवाय ती मिटत नसे. सोमाजी फट हातानं मिटून धरून बसला.

“मेलीसाठी जागता,” त्याची दुसरी बायको, गरोदर जैना म्हणाली. “माझ्यासाठी कधी थांबलात?”

“तू तर आतच आहेस.”

“मग डास काय तिला चावतात?”

पहाटे त्याचा डोळा लागला, हात सुटला. जाग आली तेव्हा जैनाच्या पोटावर डास बसला होता, रक्तानं फुगलेला.

उजाडताच त्यानं पत्राचं उत्तर लिहिलं, ‘राजुली येणार नाही,’ आणि ते टपालपेटीत टाकलं.